गोकर्णीचे दोन छाप

आमच्या गावातली सगळी पत्रं माझ्या हातची. हे मी मिरवायला सांगत नाही. म्हणजे मिरवते आहेच थोडी, पण ते खरंही आहे. वडील शाळामास्तर होते, त्यांनी मला मराठी चौथीपर्यंत शिकवलं. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी नवरा तापानं गेला आणि मी त्या चार इयत्ता घेऊन माहेरी परत आले. गाव म्हसळ्यापासून दोन कोसांवर, खाडीच्या अंगाला. घरटी एक माणूस मुंबईला. बायका माझ्या ओटीवर येऊन बसायच्या, "वेणूताई, लिवा," म्हणायच्या, आणि मी लिहायची.

त्या सांगायच्या तसंच लिहायची असं मात्र नाही. त्यांच्या बोलण्याला शेंडाबुडखा नसायचा. म्हैस, जाऊ, पोराची खरूज, गळकं छप्पर, सगळं एका दमात. मी ते ओळीनं लावायची, ओबडधोबड शब्द काढून बरे घालायची. कुणी म्हणालं, "जीव नकोसा झालाय," तर मी लिहायची, 'आपली आठवण फार येते.' परगावच्या माणसाच्या जिवाला घोर कशाला? बायका खूश होत्या, मी त्यांच्याहून खूश होते. माझं अक्षर बघून टपालवाला भिकूसुद्धा म्हणायचा, "ताई, तुमचं पाकीट पिशवीत वेगळं वळखू येतं."

भागुबाईचं पत्र महिन्याला एक असायचं. तिचा मुलगा काळूराम गोदीत हमाल. वर्षातून एकदा शिमग्याला यायचा, पंधरा दिवस राहायचा आणि जायचा. त्याची बायको केसर. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. भागुबाई पत्र सांगायची तेव्हा केसर मागं खांबाला टेकून बसायची. शेवटी मी विचारायची, "केसर, तुझं काय लिहू?" ती म्हणायची, "बरं हाय म्हनून लिवा." सासूसमोर दुसरं काय म्हणणार? आणि तिकडं ते पत्र शिवदास नावाचा गडी मोठ्यानं वाचून दाखवायचा, अठरा माणसांच्या खोलीत. नवरा-बायकोचं बोलणं दोन्ही टोकांना चव्हाट्यावर. मला तेव्हा ते खटकलं नव्हतं, याची आज लाज वाटते.

फुलांचे छाप पाठवायची कल्पना त्या दोघांची. एका शिमग्याला काळूराम तिला गोदीतल्या गोष्टी सांगत होता. मालाच्या गाठींवर म्हणे छाप असतात. हत्ती, गलबत, चांद. हमालाला अक्षर येत नाही, पण छाप बघितला की कुठली गाठ कुठल्या वखारीत टाकायची ते त्याला बरोबर कळतं. केसर म्हणाली, "मग मी बी छाप धाडीन. माजा छाप तुमीच वाचायचा." त्यानं जायच्या आधी न्हाणीच्या कुडावर गोकर्णीचा वेल लावून दिला आणि ठरलं, दर महिन्याला त्या वेलाचा एक कागद.

ती कागद कसा करायची ते मी एकदा तिच्या पडवीत बसून पाहिलं होतं. आदल्या दिवशी कागदाला तुरटीचं पाणी लावून सावलीत वाळवायची. सकाळी दंव सुकल्यावर, पण ऊन चढायच्या आत, वेलावरचं फूल आणि दोन-चार पानं खुडायची. लगेच छापायची नाही. जुन्या लुगड्याच्या घडीत घटकाभर ठेवायची, म्हणजे अंगचं पाणी उतरतं, नाहीतर रंग पसरतो. दिव्याचं काजळ करंजेलात खलून त्याचा बोळा पानाच्या मागल्या बाजूला हलकेच टिपायची, कारण शिरा मागल्या बाजूला उठून असतात. मग पान कागदावर, त्यावर फडकं, आणि अंगठ्यानं देठाकडून टोकाकडे दाबत जायचं. फुलाला काजळ नाही. फूल पालथं ठेवून वरून लाकडी चाटूनं ठोकायचं, अगदी बेतानं. फडकं उचललं की कागदावर निळी पाकळी उतरलेली, मधला पांढरा डागसुद्धा जागच्या जागी. वाळल्यावर निळा रंग जरा जांभळट व्हायचा.

मला तो प्रकार आवडला आणि आवडला म्हणूनच राग आला. इतकं कौशल्य हातात असून ही बाई पानं कसली निवडते? एक पान किडीनं खाल्लेलं, एकाचं टोक पिवळं, फुलाची पाकळी मुंगीनं कुरतडलेली. मी म्हटलं, "अगं, तो बघ पलीकडे केवढा फुललाय. चांगली पानं घे की." ती म्हणाली, "हाताला पयलं लागलं ते घ्यायचं, ताई. आज ह्येच हाय." मी मनात म्हटलं, अडाणी ती अडाणीच.

पस्तीस सालच्या पौषात भागुबाई पत्र सांगायला आली ती तोंड घट्ट करून. केसर नेहमीच्या खांबाशी. भागुबाई म्हणाली, "लिव. म्हनावं, तळा गावची येक पोर बघितली हाय. घरानं चांगलं हाय. शिमगा आटोपला की हळद लावू. केसरला मी काय हाकलत न्हाय. दोगी नांदतील. पर घराला दिवा नको काय?"

माझा टाक थांबला. मी केसरकडे पाहिलं. ती सुपातले खडे वेचत होती, तिनं मान वर केली नाही. भागुबाई काही कैदाशीण नव्हती. केसर तापानं पडली तेव्हा हिनंच तिला पेज पाजली होती. पण सहा वर्षं विहिरीवर बायका विचारतात, आणि विचारणं सुनेला नसतं, सासूला असतं. मी पत्र लिहिलं. चांगलं लिहिलं. 'वंशवृद्धी' हा शब्द मी घातला, भागुबाईला तो येतही नव्हता.

शेवटी सवयीनं विचारलं, "केसर, तुझं काय लिहू?"

"माजा कागद सकाळी आनून देते," ती म्हणाली.

सकाळी ती आली, घडी केलेला कागद माझ्या हातात दिला आणि पाण्याला निघून गेली. मी उघडून पाहिला. घरात दुसऱ्या लग्नाची गोष्ट निघाल्यापासून आठ दिवस तिनं वेलाला पाणी घातलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. कागदावर एक सुकलेलं फूल होतं, ठोकून ठोकून जेमतेम डाग उमटलेलं. दोन पानं, चाळणी झालेली. आणि एक शेंग, फुटून रिकामी. बाकी कागद कोरा.

मला भडभडून आलं. खरंच आलं. मला वाटलं, पोरीचं घर बुडायला निघालंय आणि ही असला कळकट कागद धाडतेय? निदान आज तरी चांगलं पाठवावं. नवऱ्यानं बघितलं पाहिजे, म्हटलं पाहिजे की अशी गुणाची बायको असताना दुसरी कशाला. मी सहा वर्षं तिच्या सासूची वाक्यं सुधारत होते. तिचं एक फूल सुधारलं तर काय बिघडलं?

माझ्याही कुंपणाला गोकर्ण होती. मी ताजी, टपोरी तीन फुलं काढली, एक अर्धी उमललेली कळी, आणि एकसारखी सहा पानं. पहिला कागद फुकट गेला, कारण मला दम नव्हता, फुलं ओलीच ठेवली. दुसऱ्याला काजळ जास्त झालं. तिसऱ्या कागदाला मात्र मी शहाणी झाले. बोळा टिपताना श्वास धरला. फडकं उचललं तर पानाची शीर न् शीर उतरली होती, इतकी बारीक की बोरूनं कधी जमली नसती. मी तो कागद भिंतीला टेकवून कितीतरी वेळ बघत बसले. स्वयंपाकाला उशीर झाला. देवाशपथ सांगते, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. तोच कागद मी पाकिटात घातला. केसरचा पंचांगात ठेवून दिला. टाकवला नाही, एवढीच काय ती माझी अक्कल.

काळूरामचं उत्तर माघात आलं. भागुबाईच्या ओटीवर मी ते वाचलं. शिवदासचं अक्षर, गिचमिड. 'मातोश्रीस काळूरामचा साष्टांग नमस्कार. तुम्ही म्हणता तसे करावे. माझी ना नाही. केसरचा कागद मिळाला, पाहिला. शिमग्यास येतो. उरकून घ्यावे.'

भागुबाईनं पदर डोळ्यांना लावला, तळ्याला निरोप धाडायला म्हणून नामा गुरवाकडे गेली. केसर चुलीपुढची उठून दारात आली.

"परत वाचा, ताई. कागदाचं."

मी परत वाचलं.

"मिळाला? बघितला? आनि तरी?"

ती तिथंच उंबऱ्यावर बसली. रडली नाही. मला म्हणाली, "मी तेंना सांगितलं व्हतं, जे हाय त्येच छापीन. खोटं कदी न्हाय छापनार. तुमी समजून घ्यायचं. सा वरसं त्ये समजत आले. पाल्याला कीड दिसली का म्होरल्या पत्रात इचारायचे, केसरला बरं न्हाय काय म्हनून. आनि ह्येवढं वाळलेलं बघून म्हनतात, ना न्हाय?"

किडकं पान हेच तिचं अक्षर होतं, आणि ते मी पुसून टाकलं होतं. तिला काही न सांगता घरी जावं असं मनात आलं, ते कबूल करते. दोन पावलं गेलेही. मग वळले.

"केसर, तुझा कागद त्याला गेलाच नाही. मी दुसरा पाठवला. माझ्या हातचा. ताज्या फुलांचा."

समजायला तिला वेळ लागला. असं कुणी करेल हेच तिला सुचत नव्हतं.

"का?" एवढंच म्हणाली.

"चांगला दिसावा म्हणून."

मला वाटलं, अंगावर येईल. शिव्या घालेल. मला ते परवडलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "ताई, इतकी वरसं तुमी पत्रात माजं काय काय बदाललंत?"

मला एक पत्र आठवलं. एकदा, भागुबाई बाजाराला गेली असताना, ती एकटीच माझ्याकडे आली होती. म्हणाली होती, "लिवा, पावसात वाडीत येकटीला भ्या वाटतं, रातभर डोळा लागत न्हाय." मी लिहिलं होतं, 'पाऊसपाणी समाधानकारक आहे.' तेव्हा मला ते वाक्य छान जमल्यासारखं वाटलं होतं.

घरी येऊन पंचांगातला कागद काढला. भीती होती, शेंगेचा छाप घासला गेला असेल, पण होता तसा होता. पाकिटात घातला आणि सोबत चिठ्ठी लिहिली. मायना नाही, नमस्कार नाही. 'काळूराम, आधीचा छाप माझ्या हातचा होता. केसरला न विचारता मी बदलला. केसरचा हा. अपराध माझा. वेणू.' शिवदास ही चिठ्ठी मोठ्यानं वाचणार, अठरा माणसं ऐकणार, त्यातली निम्मी आमच्याच गावची. त्यांच्या आया-बायकांची पत्रं मीच लिहिते. उद्या प्रत्येकजण विचारेल, आमच्या पत्रातलं खरं किती? ऐकू देत, म्हटलं. भिकूची वाट न बघता म्हसळ्याला चालत गेले आणि पाकीट माझ्या हातानं पेटीत टाकलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. तळ्याहून माणसं येऊन गेली, सुपारी फुटायची तेवढी बाकी राहिली. भागुबाईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "फुलापानावर काय संसार ठरतो काय? त्येनं ना न्हाय म्हटलंय." आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

अकराव्या दिवशी, शिमग्याला अजून पंधरवडा असताना, काळूराम आला. बंदरावरून थेट. मला बोलावणं आलं. मी गेले तेव्हा तो ओटीवर बसला होता, पायांची धूळही धुतली नव्हती. पुढ्यात दोन्ही कागद. भागुबाई एका बाजूला, केसर दारात.

त्यानं माझा कागद माझ्यापुढे सरकवला. "हा तुमचा, ताई."

"माझाच."

"झकास हाय," तो म्हणाला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी गोदीत धा वरसं छाप बघतोय. गाठ फोडून माल बदालला आनि वर नवा छाप मारला, तर तो जुन्याहून ठळक असतो. त्यावरनंच कळतं. ह्यो कागद हातात आला आनि मला तसंच झालं. येक भोक न्हाय, येक मुंगी न्हाय. दुसऱ्या बायकूची गोष्ट लिवलेली, आनि संगती असला फुललेला येल. म्हटलं, केसर माज्याशी खोटं बोलाया लागली. मग काय ऱ्हायलं? मग आई म्हनती ती काय, दुसरी काय. शिवदासला सांगितलं, लिव, ना न्हाय."

मी तोवर समजत होते की माझा कागद बघून त्याला ती सुखात आहे असं वाटलं. तसं नव्हतं. तो कागद खोटा आहे हे त्याला पहिल्या नजरेला कळलं होतं. खोटं कुणाचं, तेवढंच कळलं नव्हतं. मी रडायला लागले. कुणी मला गप्प केलं नाही, ते बरोबरच झालं.

काळूराम केसरकडे वळला. "आता आलो न्हवं मी. तळ्याला न्हाय कळवून टाकतो. सपलं."

मला वाटलं, आता सगळं गोड झालं. केसर दारातून हलली नाही.

"न्हाय सपलं," ती म्हणाली. "कागद लबाड निघाला म्हनून बायकू लबाड? येकडाव येऊन इचारायचं व्हतं. बोटीचा येक दिस. ह्या कागदासाटी आलात तुमी, माज्यासाटी न्हाय आलात."

"केसर, रजा न्हवती..."

"आज कुटनं मिळाली?"

भागुबाईनं मधे तोंड घातलं, "अगं, घरधन्याला असं बोलत्यात काय? आनि तुला पोर असतं तर ही येळ आली असती काय?"

केसर सासूकडे वळली. आवाज चढवला नाही. "कोंबडीलाबी अंड्यावर येकवीस दिस बसाया लागतं, आत्याबाय. मला वरसाला पंधरा दिस मिळतात."

मला त्या रडण्यातही हसू फुटलं आणि मी तोंडावर पदर दाबला. भागुबाई सुनेकडे बघत राहिली, जसं काही सहा वर्षांत हा हिशेब तिला कुणी घातलाच नव्हता.

"मी आता कागद धाडनार न्हाय," केसर नवऱ्याला म्हणाली. "कागदावर माजा इस्वास ऱ्हायला न्हाय. मीच येते."

"खोलीत अठरा मानसं हायेत गं."

"मग येकुनिसावी मी. न्हायतर दुसरी खोली बगा. पडदा लावून ऱ्हाऊ. मी मिरच्या कांडाया जाईन, काय बी करीन. पर मला बगायला तुमाला कागद लागनार न्हाय."

काळूरामनं दोन्ही कागद उचलले. वाटलं होतं, केसरचा तरी जपून ठेवील. त्यानं दोन्ही चुलीकडे नेले. मग परत आला आणि म्हणाला, "मंगळवारी बोट हाय."

भागुबाई उठली ती थेट माचावर चढली, कणगीतले तांदूळ काढले, मुलाचं आणि सुनेचं अशी वेगळी दोन गाठोडी बांधायला घेतली, मग काय वाटलं कोण जाणे, दोन्ही सोडून एकच मोठं बांधलं. ती रडत होती, नाक पुसत होती आणि गाठ मारत होती. सुतळी तोकडी पडत होती. मी पुढं होऊन दुसरं टोक धरलं. तिनं मला धरू दिलं.